मॅडम शिकवत नाहीत

(ताथवड्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजचा व्हरांडा. वर्गात मुलांचा कलकलाट.)

गेनू : थांबा मॅडम! वर्गात जायच्या आधी माझं आयका. तेजलचा बाप मी. चाकणहून आलोय.

स्वप्नाली : बोला ना काका. फक्त जरा लवकर, मुलं आत वाट बघतायत.

गेनू : आत जाऊन तरी करता काय? पोरगी म्हणती, मॅडम शिकवतच न्हाईत. घरी मोबाईलवर बघून या म्हणत्यात. मग कॉलेज कशाला? आमी नाव काढायचं म्हणतोय हिचं.

तेजल : अण्णा, हळू बोला. सगळे बघतायत.

गेनू : बघू दे की!

स्वप्नाली : काका, त्या व्हिडिओत मीच शिकवते. ऐकायचं ते घरी, हवं तितक्यांदा मागे नेऊन. वर्गात गटागटानं गणितं सोडवायची, मी जवळ असताना. मुलं अडतात ती सोडवताना, ऐकताना नाही.

गेनू : मग ही सकाळी रडती का? तुमचा तास असला की डब्याला हात लावत न्हाई.

स्वप्नाली : रडते? तेजल, घरी व्हिडिओ दिसत नाही का?

तेजल : दिसतो.

स्वप्नाली : समजत नाही?

तेजल : समजतो. परतपरत बघते मी.

गेनू : आं? मग आमाला काय सांगत व्हतीस?

तेजल : आधी मॅडम बोलायच्या, आम्ही लिहून घ्यायचो. गप्प बसलं तरी चालायचं. आता गटात बोलावं लागतं, फळ्यावर समजावून सांगावं लागतं. मी तोंड उघडलं की गटातली पोरं ‘व्हय व्हय’ करून हसतात.

गेनू : का?

तेजल : एकदा पटकन ‘व्हय’ निघून गेलं तोंडातून.

गेनू : ...घरच्यावानी?

तेजल : हं.

स्वप्नाली : अगं, मी फिरत असते ना सगळ्या गटांतून!

तेजल : तुम्ही पुढं गेलात की सुरू होतात.

गेनू : कोन हाय त्यो? दाखव मला.

तेजल : अण्णा, नको ना!

स्वप्नाली : काका, त्यांच्याशी मी बोलणार आहे. सोडणार नाही. तेजल, तुझा गट बदलू?

तेजल : नको. मग आणखीच हसतील. मॅडम... आजचं बीमचं गणित आलंय मला. मी सांगते फळ्यावर. तुम्ही फक्त तिथंच थांबा.

स्वप्नाली : थांबते. चल.

तेजल : अण्णा, तुम्ही निघा आता.

गेनू : निघतो. दार तेवढं उघडं ठेवा, मॅडम.