बेकरीच्या डब्यातली बिस्किटं

भिमाबाई : वाळू तापली का बघ. हात नको घालू, पान्याचा शिपका मार. चर्र वाजलं की बिस्किटांची ताटली ठेव आत.

ज्योत्स्ना : ठेवली. माय, सुंठ जरा जास्त झाली काय गं?

भिमाबाई : न्हाई. काकवी लई गोड असती, सुंठ कमी पडली की घशाशी येतंय. तुझा बाप तेलगावकडल्या गुऱ्हाळावरनं आनतो, यष्टीत कॅन मांडीवर धरून. झाकन ठेव पातेल्यावर, थर्मलच्या चिमनीची राख उडायली.

ज्योत्स्ना : किती वेळ ठेवायची?

भिमाबाई : वरून चिरा पडूस्तर. दोन किलो म्हंजे सात-आठ खेपा व्हतील. कोनाला पायजे म्हनलीस, त्या वर्षाराणी बाईला?

ज्योत्स्ना : हो. माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतात. परवा त्यांच्या पोरीला बघायला पाहुणे येणारेत. चहाबरोबर ठेवायची म्हणाल्या.

भिमाबाई : पाव्हन्यांपुढं माझी बिस्किटं. बघ बाई. चौदा एप्रिलला जयंतीचा शिरा तुझ्याजवळ दिलता, तवाच मी शेजारच्या वनिताला म्हनले, माझ्या पोरीच्या हापिसातली मानसं खानारी हायेत. सगळ्या गल्लीला सांगितलंय मी, बोटं चाटत बसले म्हनून.

ज्योत्स्ना : माय, गॅस बारीक करू का?

भिमाबाई : कर. हे डबे चांगले आनलेस गं. पुठ्ठ्याचे.

ज्योत्स्ना : राहू दे ते तिकडं. मी भरीन नंतर.

भिमाबाई : थांब की. काय लिवलंय ह्याच्यावर? सं-भा-जी-न-गर. बे-क-री. शुद्ध तुपातली… हे कावून गं?

ज्योत्स्ना : डबे तेवढेच मिळाले.

भिमाबाई : परळीत साधा डबा मिळंना झाला व्हय? माझ्याकडं बघून सांग.

ज्योत्स्ना : काही नाही गं. दिसायला बरं दिसतंय.

भिमाबाई : रात्रीच्या वर्गाला दोन वर्सं गेलते मी. आन तुला तर जलम दिलाय. तुझं तोंड वाचाया मला वर्ग लागत न्हाई.

ज्योत्स्ना : मागच्या महिन्यात तू डब्यात सहा बिस्किटं घातली होतीस ना. मी जेवायच्या टेबलावर उघडला डबा. वर्षाताईंनी एक उचललं. छान आहे म्हणाल्या, कुठून आणलीस? मी म्हणले, संभाजीनगरहून. बेकरीतनं.

भिमाबाई : आन?

ज्योत्स्ना : मग सगळ्यांनी घेतली. एका मिनिटात डबा रिकामा. साहेबसुद्धा आले.

भिमाबाई : माझं नाव सांगितलं असतं तर उचललंच नसतं, असं तुला वाटलं.

ज्योत्स्ना : वाटलं नाही माय. माहीत होतं.

भिमाबाई : कशावरनं? जयंतीचा शिरा तर खाल्ला की त्यांनी.

ज्योत्स्ना : पुढची ताटली भरायला घेते मी.

भिमाबाई : जोत्स्ना. खाल्ला ना?

ज्योत्स्ना : झाकण काढ माय, करपतील.

भिमाबाई : करपू दे.

ज्योत्स्ना : कुणीच नाही खाल्ला. एकीला उपास होता. एकीला शुगर. पंडित म्हणून आमचे हेडक्लार्क आहेत, ते म्हणाले ठेवा, नंतर घेतो. पाच वाजेपर्यंत डबा तसाच भरलेला. वर काजू लावले होतेस तू, एक काजूसुद्धा हलला नव्हता.

भिमाबाई : मग शिरा कुठं गेला? डबा तर तू धुऊन आनलता. मी म्हनले बी, पोरगी किती शानी, हापिसातनं डबा धुऊन आनती.

ज्योत्स्ना : ओतला. स्टँडच्या मागच्या नालीत.

भिमाबाई : सगळा?

ज्योत्स्ना : सगळा. मग नळावर डबा धुतला. भरला डबा घेऊन तुझ्यासमोर यायची लाज वाटत होती मला.

भिमाबाई : तू तरी खाल्लास का त्यातला?

ज्योत्स्ना : नाही.

भिमाबाई : कावून?

ज्योत्स्ना : ते सगळे बघत होते. त्यांच्यासमोर चमचा उचलवला नाही माझ्याच्यानं. तू मला सकाळी चारला उठून करून दिला होतास, आणि मला तुझ्या शिऱ्याची लाज वाटली. तुझीच वाटली म्हण. हे मी कुणाला सांगू?

भिमाबाई : …काढ ती ताटली. खालून काळी झाली बघ.

ज्योत्स्ना : माय, काहीतरी बोल ना. शिव्या दे.

भिमाबाई : शिव्या कशाला देऊ. आमी ऊस तोडायला जायचो तवा तू फडावरच्या कोपीत ऱ्हायचीस. पोरगी शिकावी, टेबलाखुर्चीवर बसावी, एवढंच डोक्यात व्हतं. टेबलावर बसून हे बी भोगावं लागतं, ते आमाला कुठं ठावं. पर ह्या डब्यात माझं बिस्किट जानार न्हाई.

ज्योत्स्ना : परवा पाहुणे आहेत गं त्यांच्याकडं. त्या भरवशावर बसल्यात.

भिमाबाई : मग लाव फोन. सांग कोनी केलीत. पायजे असली तर साध्या डब्यात घेऊन जा.

ज्योत्स्ना : आणि उद्यापासून मी तिथं कशी बसू? शेजारीच टेबल आहे त्यांचं.

भिमाबाई : आज कशी बसलीस? तशीच.

(ज्योत्स्ना फोन लावून स्पीकरवर ठेवते.)

वर्षाराणी : बोल गं. आली का बिस्किटं संभाजीनगरहून?

ज्योत्स्ना : ताई, ती बेकरीची नाहीत. मागची पण नव्हती. माझ्या आईनं घरी केलेली होती. मी तुम्हाला खोटं सांगितलं.

वर्षाराणी : अगं, ते मला माहीतच होतं.

ज्योत्स्ना : माहीत होतं?

वर्षाराणी : बेकरीची बिस्किटं अशी वाकडीतिकडी असतात का कुठं? सुंठेचा वास पण घरचाच होता. मला काय, मी दोन खाल्ली. पण तू आता कशाला बोललीस? बेकरीची म्हणून चाललं होतं ना सगळं नीट.

ज्योत्स्ना : म्हणजे?

वर्षाराणी : आमच्या सासूबाई कशा आहेत तुला सांगितलंय मी. त्यात पाहुणे नवीन. तू बोलली नसतीस तर मला पण बोलायचं काम नव्हतं. आता असं कर, आण तू, पण त्या बेकरीच्या डब्यातच आण. आपल्या दोघींतच ठेवू. तुझ्या आईच्या हाताला चव आहे हं, सांग त्यांना.

ज्योत्स्ना : तुम्हीच सांगा ताई. ती ऐकतीये.

वर्षाराणी : …ऐकतायत का? अगं मग तसं सांगायचंस. नमस्कार सांग त्यांना. तू माझ्यावर रागावू नको गं, माझ्या मनात काही नाही.

ज्योत्स्ना : रागावले नाही. बेकरीच्या डब्यात नाही आणणार मी. आईची म्हणून ठेवणार असाल तर आणते.

वर्षाराणी : …बरं, मी सासूबाईंना विचारून कळवते. ठेवू?

ज्योत्स्ना : ठेवा.

भिमाबाई : कळवनार न्हाई ती.

ज्योत्स्ना : नाही कळवणार.

भिमाबाई : बाई वाईट न्हाई तशी. दोन खाल्ली म्हनली.

ज्योत्स्ना : ठाऊक असून खाल्ली, आणि ठाऊक नाही असं दाखवून बसली. आणि मला शिऱ्यापासून आठ महिने वाटत होतं, लाजायचं मीच आहे.

भिमाबाई : तुला बी हायेच की लाजायचं. नालीत ओतलास तू.

ज्योत्स्ना : हो माय. ते माझंच आहे.

भिमाबाई : पुस डोळे. दुसरी ताटली ठेव.

ज्योत्स्ना : दोन किलोचं पीठ मळून बसलंय. काय करायचं आता?

भिमाबाई : भाजायचं. गल्लीत वाटू.

ज्योत्स्ना : वाटायला मी जाते. आणि वनिताकाकूंना, सगळ्यांनाच, शिऱ्याचं खरं काय झालं तेही सांगते. माझ्यापायी तू गल्लीत खोटी पडायला नकोस.

भिमाबाई : बिस्किटं वाट. ते नको सांगू.

ज्योत्स्ना : का गं? आत्ताच तर तू मला फोन लावायला लावलास.

भिमाबाई : लावला. तरी बी हापिसानं शिरा खाल्ला, असंच गल्लीत ऱ्हाऊ दे.