साठाच्या पुढे

(रामेश्वराजवळ, पांबनच्या पुढचं एक बेट. सकाळ. समुद्रातलं शेवाळ काढणाऱ्या दोघी बायका होडीचा काठ धरून पाण्यात.)

राक्कू : खोटं बोलू नकोस, अक्का. साठ आकडे झाले की वर यायचं, असं ठरलंय ना आपलं? मी वर राहून मोजत होते. एकशे दहा झाले!

पंचवर्णम : तू भरभर मोजतेस.

राक्कू : हो, हो, मीच भरभर मोजते! वीस वर्षं बुड्या मारतेय आणि मला मोजता येत नाही! आणि वर आल्यावर धाप कुठे लागली तुला? ओठ जांभळे पडलेले आणि बाई हसत होती. अंगावर काटा आला माझ्या.

पंचवर्णम : अगं, शेवाळ काढत होते.

राक्कू : कुठाय शेवाळ? पिशवी बघ तुझी. चार काड्या आहेत. काय करत होतीस एवढा वेळ?

पंचवर्णम : बसले होते.

राक्कू : बसली होतीस! देवळाचा कट्टा आहे का तो?

पंचवर्णम : त्याहून बरा आहे. आधी छातीत जळतं, मग ते विझतं. मग कसलाच आवाज नाही. शेजारी कोणीतरी येऊन बसतं.

राक्कू : कोण? कदिर?

पंचवर्णम : मी तोंडाकडे बघत नाही. पण पोटच्या पोराचा श्वास आईला ओळखता येत नाही का?

राक्कू : देवा रे! पाण्याखाली कसला श्वास, अक्का? त्याची होडी बुडून तीन वर्षं झाली.

पंचवर्णम : मला सांगतेस? तीन वर्षं किनाऱ्यावर वाट बघितली मी. रामेश्वरात बावीस तीर्थांच्या अंघोळी केल्या. पुजारी मंत्र म्हणायचे, मी हात जोडायचे आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. इथे काही म्हणावंच लागत नाही. समुद्र म्हणतो, बस.

राक्कू : आणि मीच शहाणी तुला घेऊन आले. म्हटलं, पाण्यात उतरेल, चार बायकांत बसेल, जरा मन रमेल.

पंचवर्णम : उपकार केलेस गं.

राक्कू : उपकार म्हणू नकोस! माझी आईसुद्धा अशीच बोलायची. 'खाली कसं शांत वाटतं, राक्कू.' आम्हाला वाटायचं, समुद्रमाता प्रसन्न झाली हिच्यावर. अगं, ते छातीतलं जळणं हीच खरी आई. 'वर जा, वर जा' म्हणून तीच ओरडत असते. ती गप्प झाली की समजायचं, घात झाला. एका दुपारी आईला ओढून वर काढली तर तोंडावर एवढं समाधान, की मला रडताही येईना.

पंचवर्णम : बघ. समाधान होतं ना?

राक्कू : थोबाड फोडीन हं! आज घरी येऊन तेन्मोळीला सगळं सांगते. तुझी लेक आहे ती, तिला कळू दे.

पंचवर्णम : सांग की. काय सांगशील? आई हल्ली रात्री झोपते म्हणून? परवा कालवणात मी न विसरता मीठ घातलं, तर पोरगी जेवता जेवता रडायला लागली. म्हणाली, अम्मा परत आली. आता बोल.

राक्कू : मला भीती वाटते, अक्का. खरंच सांगते, उद्या तू वर आली नाहीस तर मी तेन्मोळीला काय तोंड दाखवू? आज होडीतच बस. माझ्यासाठी बस.

पंचवर्णम : तीन वर्षं वरच होते की मी. बघितलंस ना, काय झालं होतं माझं?

राक्कू : मग मीपण येते खाली. ही दोरी घे. एक टोक तुझ्या कमरेला, एक माझ्या. मनातल्या मनात मोजेन आणि साठ झाले की ओढत आणेन तुला. केस धरून आणेन!

पंचवर्णम : बरं. बांध.

राक्कू : भांडली कशी नाहीस?

पंचवर्णम : तुझ्याशी कशाला भांडू? फक्त तुझ्याकडची गाठ ओढली की सुटेल अशी मार. तुझी पोरं अजून लहान आहेत.