कोनाचा शिपाई

मी नाचनगावची, भाऊ, माहेर हेच अन् सासरही हेच. मालक लवकर गेले, एकच लेक, नामदेव. मोठ्या लढाईत पलटनीत गेलता, ब्रह्मदेशातून हातपाय शाबूत घेऊन आला. तवा गल्लीत सायकलवर तारवाला दिसला का बाया चुली सोडून दारात येत, कोनाच्या घरी थांबते म्हणून. तार आली म्हणजे मानूस गेला, नाई आली म्हणजे जित्ता हाय, असा आमचा हिसाब. तोच हिसाब आमाले नडला.

लढाई संपली, नामदेव घरी बसला. वावरात जाय, पन बंदूक धरलेला हात, मन लागे ना. लगन करून देल्लं, वच्छी आली, अल्लीपूरची, बोलायले फटकळ पन मायाळू. अन् मंग मुंबईचा एजंट आला, जुने शिपाई पायजेत म्हणे, अरबस्तानात तेलाची कंपनी हाय, तिच्या विहिरीवर पहारा द्याचा. मी म्हटलं, काऊन जातं बाप्पा? तो म्हणे, माय, नुसती चौकीदारी हाय. शेजारचा शेषराव अन् हा, दोघं गेले.

शेषराव एकटाच वापस आला, लंगडत. काय सांगू तुमाले, तो म्हणे, काकू, कायची विहीर अन् कायचा पहारा, विहीर तं आमी डोयानं पाह्यली नाई. पगार कंपनीचा, बिल्ला तिथल्या सुलतानाचा, अन् हुकूम गोऱ्या सायबाचा, स्वराज्य आल्यावर इथून गेला तो गोरा तिथं बसला होता. डोंगरातल्या लोकायचं सुलतानाशी वाकडं, अन् त्याच डोंगराखाली तेल, म्हणून आमाले त्यायच्या गावावर सोडलं. तिथल्या बायाही काकू तुमच्यासारख्याच, लेकरं काखेत घेऊन पयत होत्या. अन् एक दिवस नामदेवची मोटार सुरुंगावर गेली, जाळ झाला, आमाले तिथून हटवलं. मी म्हटलं, त्याले पाह्यलं का तू? खाली मान घालून म्हणे, मोटार पाह्यली.

मंग इचारपूस किती केली! कंपनी म्हणे तो सुलतानाचा शिपाई. सुलतानाचा मानूस म्हणे कंपनीचा नोकर. गोऱ्यायचं हापिस म्हणे आमची तिथं फौजच नाई. अन् आपलं सरकार म्हणे, आमच्या पलटनीतला असता तं तार केली असती. मंग होता कोनाचा तो, सांगा ना! माहा होता, बस.

वच्छी तशीच कुंकू लावून बसली, तिचं वय काय, पोरच ते. तिच्या भावानं पिपरीचा एक बिजवर पाह्यला, दुसरं लगन, आमच्यात पाट म्हणतेत. पंच म्हणे, तार नाई तं नवरा जित्ता, पाट कसा लागंल? शेषरावले उभं केलं तं तो नामदेव मेल्याची शपथ घेईना. पोरगी म्हणे, आत्याबाई, मी थांबतो. किती थांबशील वं? मी उठून पंचायपुढं गेली, म्हटलं, मी जनलं त्याले, मीच सांगतो, मेला माहा नामदेव. सुतक धरलं, आंघोळ केली, तिचं कुंकू माह्याच हातानं पुसलं, अन् मंग पाट लावून पाठवून देल्लं तिले.

पिपरीले तिले आता लेकरू हाय. सुखी राहो माय. पन भाऊ, जेवाले बसलं का वाटते, तो कुठं तरी पानी मांगून राह्यला असंल. अन् मी त्याची वाट पाह्यली तं पोरीचा संसार खोटा होते. म्हणून दिवा लावतानी रोज म्हणतो, मेला तो, मेला. मोठ्यानं म्हणतो, माह्या कानाले पटाले पायजे ना.