रेडिओचा काटा कुठे थांबतो

विश्वास कोणावर ठेवायचा रे, गिऱ्हाइकाच्या तोंडावर की त्याच्या रेडिओच्या काट्यावर? ऐंशीच्या दशकात घाटकोपरला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा रेडिओ केंद्रातले एक साहेब विचारायला आले.

"संध्याकाळचा कामगारांचा कार्यक्रम कोणी ऐकतं का हो? नाहीतर तिथे जाहिराती आणि सिनेमाची गाणी लावू म्हणतोय."

"साहेब, लोक काहीही सांगतील, तुम्ही काटा बघा," म्हणत मी दुरुस्तीला आलेले वीसेक रेडिओ दाखवले. झाडून सगळ्यांचे काटे गाण्यांच्या स्टेशनवर! साहेब खूश, मी त्याहून खूश. कार्यक्रम बंद झाला.

आठवड्याने समोरच्या चाळीतले सावंतकाका, जुने गिरणी कामगार, रेडिओ छातीशी धरून आले. "शेट, ह्यात बिघाड झालाय. साडेसहाला आमच्या कार्यक्रमाच्या जागी गाणीच लागतात."

"काका, याआधी कधी दुरुस्तीला आणला नाहीत?"

"खरखरायचा हो. पण इथे ठेवला असता, तर त्या संध्याकाळी मी काय ऐकलं असतं?"

बिघाड रेडिओत नाही, हे मलाच त्यांना सांगावं लागलं.

तू आता दुकान घालतोयस, म्हणून सांगतो. हिशेब प्रामाणिकपणे ठेव बाबा, न आलेल्या गिऱ्हाइकांचासुद्धा.