सात कट्टे

माझं मूळ गाव हिमायतनगरकडलं, ताई, पण तिथं आता आपलं म्हणावं असं काही राहिलं न्हाई. बाप देवीच्या गडाच्या पायथ्याला डोली उचलायला आला अन् आम्ही इकडचेच झालो. डोली म्हणजे काय, लाकडाची खुर्ची, तिला दोन बांबू, एक माणूस पुढं, एक मागं, अन् मधी ज्याच्यानं गड चढवत न्हाई तो. बाप थकल्यावर मागची बाजू माझ्या खांद्यावर आली, पुढं चांदभाई. तीस-पस्तीस वर्षं त्याची पाठच बघून राहिलो. काय सांगू तुम्हाला, त्याच्या तोंडापेक्षा त्याची मान मला जास्त वळखू येते.

आमच्यात बसणाऱ्याला वझं म्हणायची रीत. वझं हलकं हाय, वझं घाबरून राहिलंय, असं. वाईट मनानं न्हाई हो, धंद्याची बोली. अन् वझ्यासंगं बोलायचं न्हाई, दम जातो. काय इचारायचं ते बाजूनं चालणाऱ्या माणसाला इचारायचं, बापानं हेच शिकवलं.

लातूरची एक पोरगी व्हती, पायानं अधू, दर सालाला आईसंगं यायची. आईच्या मांडीवर मावायची तवापासून नेली मी तिला. मोठी झाली, शाळेत बाई झाली, तरी मी आईलाच इचारायचो, हिला ऊन लागतंय का, हिला पाणी पाह्यजे का. पोरगी गप बसायची. मला वाटायचं सभावच तसा असंल.

माझी माय बी गुडघ्यानं गेलेली. ती खालच्याच पायरीला हात लावून परत फिरायची. म्हणायची, लोकायला नेतूस, मला कव्हा नेशील रे. म्हणलं नेतो, गर्दी कमी झाली की नेतो. गर्दी कमी व्हती तवा चांदभाई नसायचा, चांदभाई असला की गर्दी असायची. राहून गेलं. तिच्यासारखे लई जण त्या पायरीवरूनच परत जायचे बगा, कुणापाशी डोलीला पैसे नसायचे, कुणाला दुसऱ्याच्या खांद्यावर बसायची लाज वाटायची.

मंग सरकारचं आलं, अपंगायसाठी पायऱ्यांच्या बाजूनं उताराचा रस्ता करायचा. साहेब भला माणूस, आमाला बोलावलं, म्हणला मामा, तुम्ही रोज चढता, इसावा कुठं कुठं लागतो ते सांगा. जल्मात पहिल्यांदा कुणी इचारलं, आम्ही छाती फुगवून सांगितलं. सात वळणं हायत साहेब, सातीवर कट्टा पाह्यजे, कमरेइतका उंच, म्हणजे डोली टेकवायला वाकावं लागत न्हाई, गुडघे वाचतात. साहेबानं लिहून घेतलं, तसेच बांधले. आमाला लई आनंद. अपंगायचा रस्ता म्हणजे अपंगायला उचलून न्यायचा रस्ता, असंच डोक्यात. ते माणूस आपलं आपण चढंल हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. साहेबाच्या बी न्हाई.

रस्ता झाला अन् एका मंगळवारी ती लातूरची बाई आली. एकटी. आई न्हाई, कुणी न्हाई, चाकाची खुर्ची हातानं फिरवत. मी अन् चांदभाई खाली उभे, ती आमच्यापुढून चढली, घामानं भिजली व्हती पण तोंड काय खुललं व्हतं तिचं. पहिल्या वळणावर अडकली. कट्टा आडवा आलेला, उरलेल्या जागेतून माणूस जाईल, चाक जाईना. आम्ही पळतच गेलो, सवयीनं दोन्ही बाजूनं वाकलो, धरली खुर्ची. ती म्हणली, मामा, हात लावू नका.

म्हणलं अगं बाई, एवढी जागा तर उचलून देतो. ती म्हणली, अन् पुढं सहा वळणं हायत, तिथं? माझ्याकडं बघून म्हणली, लहानपणापासून तुमच्या तोंडून वझं ऐकून राहिले मी मामा, आज तरी नको. मोठ्यानं न्हाई बोलली. खुर्ची फिरवली अन् देवीचं तोंड न बघता खाली गेली. मला तर जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढी वर्षं नेली पोरीला अन् मला तिचं नाव ठाव नव्हतं.

मी हापिसात गेलो. म्हणलं कट्टे काढा, आमचं चुकलं. म्हणले अर्ज द्या. अर्ज दिला, अजून देऊन राहिलोच असतो. मंग एका दुपारी लोखंडी सब्बल घेऊन मीच बसलो फोडत. चांदभाई वरडला, पागल हुआ क्या रे, अपने हाथ से अपने पेट पे मार रा. खरंच बोलला व्हता. तीन दिवस माझ्यासंगं बोलला न्हाई. चौथ्या दिवशी घमेलं घेऊन आला अन् दगडं भरू लागला. हापिसातनं साहेब आला, फुटके कट्टे बघितले, मान खाली घातली अन् गेला. मंग त्यानंच ते सपाट करून घेतलं.

आता डोली उचलत न्हाई कुणी. चांदभाई लेकीकडं उदगीरला गेला. माझे गुडघे उठताना कडकड वाजतात, मी खाली चपला सांभाळतो, भागतं कसंबसं. थकलो ताई. कव्हा कव्हा राग येतो, कट्टे फोडले कशाला, अजून चार वर्षं निघाली असती. येतो राग, खोटं कशाला बोलू.

ती लातूरची बाई येते म्हईन्याला. सुनंदा नाव तिचं, मी इचारलं. दुसरे बी येतात आता तिच्यासारखे, म्हातारी माणसं काठी टेकत जातात. सुनंदाबाई मला हात करते, थांबत न्हाई. थांबू बी नये. पहिल्या वळणाला तिचा येग कमी होतो, चाक जरा मागं सरकतं, अन् माझे हात आपोआप पुढं जातात बगा, अजून. म्हणून ती चढू लागली की मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो. ती वळण पार करते तवर काढत न्हाई. देवी तिच्या दंडाला बळ देवो.