आठ शेळ्यांचा अंधार

"आकडे हिनंच उतरवलेत, सर — नवीन हाय, चुकली असंल." असं म्हणाले हे काल, कुसुमकाकू, ओसरीवर, त्यांच्या कॉलेजच्या सरांना. मी दाराआड चहा घेऊन उभी. थांबा, विरजण देते, ऐका आधी.

चुकली म्हणे. बारावी सायन्स झालेय मी. लग्नापासून ह्यांच्या प्रबंधाची पानं माझ्याच अक्षरात — प्रोप्रॅनॉलॉल हे औषधाचं नाव घरात नीट लिहिता येतं ते मलाच. काय असतं ते? अंधार पडला की मेंदूतली एक बारीक ग्रंथी मेलॅटोनिन सोडते. नसांकडून तिला तसा निरोप जातो, हे औषध तो निरोप अडवतं. म्हणून चार शेळ्यांना औषध टोचायचं, चौघींना नुसतं मिठाचं पाणी, आणि मध्यरात्री लाल बॅटरीच्या मंद उजेडात रक्त काढायचं. औषधवालींत मेलॅटोनिन कमी, बाकीच्यांत भरपूर यायला पाहिजे. आलं काय? आठहीजणींत कमीच. सर म्हणाले, वर्ष वाया गेलं.

कशानं गेलं? नामांतराच्या गडबडीत कॉलेज बंद पडलं, शेळ्या आमच्या गोठ्यात आल्या. हे सांजेला टोचून परभणीला रक्ताच्या नळ्यांसाठी बर्फ आणायला जायचे, अंधार ठेवा म्हणून बजावून — आणि सासूबाई लगेच तिथं शंभरचा बल्ब लावायच्या. ह्यांच्यात नवी सून आली की वर्षभर घराचा एकबी कोपरा अंधारात ठेवत न्हाईत. म्हणजे दिवा माझ्याच नावाचा. आणि उजेड पडला की मेलॅटोनिन थांबतंच, औषध असो नसो. मध्यरात्री ह्यांची फटफटी वाजली की सासूबाई बटण बंद करायच्या — लेक रागावतो ना. मी बघत होते. सांगायला गेलेही एकदा, तर हे म्हणाले, तू नुसतं उतरव. मग नुसतं उतरवलं. हो, गप्प बसले — आणि खरं सांगू का, एवढ्या घरात माझ्यासाठी म्हणून तेवढंच एक जळत होतं.

पण काल सासूबाई तिथंच ओसरीवर वाती वळत होत्या, सगळं ऐकत, मान वर न करता. तेव्हा मी कपबशा खाली ठेवल्या, आणि तिघांच्या समोर म्हणाले —

"आकडे बरोबर हायत, सर. शेळ्यांना अंधार मिळालाच न्हाई. पुन्हा करा — आणि ह्या खेपेला उतरवायला दुसरं कोणी बघा."