बिनपाल्याची आरण

हितेश: खुर्ची ओढ आणि बस आधी. उभ्यानं काय वाचतेस?

तेजस्विनी: वाचून झालंय, सर. झाडाखाली बटाट्याचा ढीग, त्यावर घाणेरीचा पाला, अळी कमी. हा माझाच प्रबंध आहे!

हितेश: पण हा लेख आठ वर्षांपूर्वीचा, दक्षिण अमेरिकेतला. तू डेटाबेसमध्ये काय टाकून शोधलं होतंस?

तेजस्विनी: आरण.

हितेश: नुसतं आरण?

तेजस्विनी: इंग्रजी अक्षरांत. मग आरण आणि बटाटा. एकही लेख आला नाही. एवढी खूश झाले मी, गाईडना पेढे नेऊन दिले. म्हटलं, आपल्या आंबेगावाशिवाय बटाट्याची आरण लावतंय कोण!

हितेश: अगं बाई, बटाटा साठवायच्या ढिगाला आरण म्हणतात हे मंचरच्या पुढं कुणाला माहीत? साठवण टाकायचं, ढीग टाकायचं, किडीचं शास्त्रीय नाव टाकायचं. मला विचारायचं तरी! दिवसभर इथं ग्रंथालयात माश्या मारत बसलेला असतो मी.

तेजस्विनी: तेव्हा वर्गणी न भरल्यानं आपली जर्नल्स बंद होती ना. दारावर पाटी तुम्हीच लावली होती.

हितेश: लावली होती. पण बंद असली तरी लेखांची नावं दिसतात गं. नुसती नावं बघितली असतीस तरी...

तेजस्विनी: मला कुठं माहीत होतं? सर, पहिल्याच पानावर लिहिलंय मी, यावर जगात कुठंही काम झालेलं नाही. सोमवारी सादर करायचंय. मुदतवाढही त्याच दिवशी संपतेय.

हितेश: तुलना म्हणून मांडता येईल का? गाईडशी बोल.

तेजस्विनी: बोलले आत्ताच फोनवर. नवीन काही नसेल तर सही करणार नाही म्हणाल्या. संपलं, सर. सगळं संपलं.

(तेजस्विनीचे वडील रखमाजी दारात येतात.)

रखमाजी: येऊ का, सायेब? चपला भाईर काढल्यात. तेजू, लई येळ झाला गं. आन् रडायला काय झालं?

तेजस्विनी: आबा, आपलं काम आधीच कुणीतरी केलंय. परदेशात.

रखमाजी: आरणीचं?

हितेश: हो काका. पाल्याचंच.

रखमाजी: आन् त्येंचाबी पाल्याखालचा बटाटा टिकला?

हितेश: टिकला.

रखमाजी: मंग आपलं खरंच निघालं की, राव! यात रडायचं काय?

तेजस्विनी: खरं असून उपयोग नाय, आबा. आधी कुणी सांगितलं ते बघत्यात. माझी पीएचडी गेली.

रखमाजी: गेली म्हंजे? दर साली एक आरण बिनपाल्याची ठेवायला लावलीस तू. तुझी आय भांडायची. मी म्हन्लं, सडू दे, पोरगी शिकतीया... त्या मानसाचीबी सडली का गं, बिनपाल्याची?

तेजस्विनी: सडली.

रखमाजी: मंग त्येचा बाप काय म्हन्ला?

तेजस्विनी: त्यांचा बटाटा कॉलेजचा होता, आबा.